जेवण कंपनीकडून

सकाळची मुलाखत संपते, फाइल मिटते आणि कुणीतरी म्हणतं, ‘चला, आता जेवून घेऊ.’ समोरच्या उमेदवाराला वाटतं, सुटलो. खांदे खाली येतात, आवाज मोकळा होतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांसाठी माणसं निवडण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्या काळात टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, म्हणजे बिल देणाऱ्यांच्या बाजूला, मी पुष्कळदा बसले. तिथून जे दिसलं त्यावरून सांगते, सुटलेलं काहीच नसतं. जेवण हा मुलाखतीचाच भाग असतो. फरक इतकाच की त्यातले प्रश्न कुणी आधी लिहून आणलेले नसतात आणि गुण कशाचे दिले हे नंतर कुणी सांगत नाही. दार बंद करून घेतलेल्या मुलाखतीत आपण थोडे तरी सावध असतो. डाळ-भाताच्या ताटावर यजमानाची सावधगिरी सुटते आणि अन्याय व्हायचा असला तर तो बहुधा तिथेच होतो. म्हणून या विषयावर लिहावंसं वाटलं, आणि उमेदवारांपेक्षा यजमानांसाठी जास्त.

उमेदवारांना सल्ले देणारे कमी नाहीत. इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंटच्या कॉलेजांत कॅम्पस प्लेसमेंटच्या आधी ‘डायनिंग एटिकेट’ची सत्रं होतात. मुलं टाय लावून रिकाम्या ताटल्यांपुढे बसतात आणि काटा-सुरी धरायला शिकतात. शिकावंच, त्यात कमीपणा काही नाही. नॅपकिन मांडीवर, मध्येच उठावं लागलं तर खुर्चीवर. ब्रेडची बशी आपली डावीकडची, पाण्याचा ग्लास आपला उजवीकडचा. बाहेरच्या काट्या-चमच्यापासून सुरुवात करून आत यायचं. सूपचा चमचा आपल्यापासून दूर ढकलत भरायचा. जेवण झालं की काटा आणि सुरी ताटलीत शेजारीशेजारी ठेवायची, म्हणजे वेटरला न सांगता कळतं. लिंबाची चकती घातलेलं कोमट पाणी बोटं धुवायला असतं. झालं. बाकी सगळं यजमान करतो तसं, त्याच्या मागोमाग.

चमच्यांची ती लांब रांग बघून घाबरणाऱ्या मुलांना मी तिच्यामागचं कारण सांगते, कारण कारण कळलं की भीती जाते. पदार्थ एकामागून एक टेबलावर आणायची रीत युरोपात रुजली ती एकोणिसाव्या शतकात. तिला ‘रशियन पद्धत’ म्हणतात. त्याआधी तिथल्या श्रीमंतांच्या मेजवान्यांतही पुष्कळसे पदार्थ एकदम मांडले जात, आपल्या ताटात असतात तसे. पदार्थ एकेक करून यायला लागले तशी प्रत्येकाच्या जोडीला वेगळी हत्यारं आली. रांग म्हणजे फक्त येणाऱ्या पदार्थांचं वेळापत्रक आहे. ते डोक्यात बसलं की पाठांतर करावं लागत नाही.

डाव्या हाताचा प्रश्न याहून नाजूक. युरोपात काटा डाव्या हातात धरतात आणि घासही त्याच हाताने तोंडात जातो. आपल्या घरांत डाव्या हाताने खाणाऱ्या मुलाला आजी हातावर चापट मारते. वीस वर्षं जे करू नकोस म्हणून बजावलं, तेच एका दुपारी साहेबांसमोर सहजपणे करायचं, हे अवघडच. आमच्याकडे आलेली कितीतरी मुलं कापून झाल्यावर सुरी खाली ठेवायची, काटा उजव्या हातात घ्यायची आणि मग खायची. शेजारचा एखादा जाणकार ते बघून ओठ मुडपायचा. अमेरिकेत अगदी असंच खातात, कापायचं, सुरी ठेवायची, काटा उजवीकडे घ्यायचा. तिथे तो शिष्टाचार आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी इथे नाक मुरडलं जातं, ती समुद्रापलीकडे रीतसर शिकवली जाते. जर्मन पाहुणे आमच्याकडे नेहमी येत. त्यांच्यात जेवताना दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर, दिसतील अशी ठेवायची पद्धत आहे. अमेरिकन माणूस मोकळा हात मांडीवर ठेवतो. ग्लास भिडवताना जर्मन डोळ्यांत बघतो आणि आपण नजर चुकवली तर त्याला ते खटकतं. बरोबर आणि चूक हे टेबल कुठल्या गावात मांडलंय त्यावर ठरतं, एवढं कळलं तरी परीक्षकाची मान थोडी सैल पडावी.

या सत्रांत एक गोष्ट हमखास सांगतात. एका मोठ्या उद्योगपतीने उमेदवाराला जेवायला नेलं. उमेदवाराने चव न घेताच सूपवर मीठ भुरभुरलं. उद्योगपतीने नोकरी नाकारली, कारण चव घ्यायच्या आधी मीठ घालणारा माणूस माहिती घ्यायच्या आधी निर्णय घेणार. ही गोष्ट मी एडिसनच्या नावावर ऐकली आहे, हेन्री फोर्डच्या नावावर ऐकली आहे आणि दुकानांची साखळी उभी करणाऱ्या जे. सी. पेनीच्या नावावरही. तिघांच्या चरित्रात एकच सूप कसं येणार? ही दंतकथा आहे. पण ती खोटी असण्यापेक्षा तिचं ऐकून माणसं खरोखर तसं वागतात, याचा मला राग येतो. आपल्याकडे पानात मीठ सगळ्यात आधी वाढतात. पान मांडलं की वरती मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटण्या, कोशिंबिरी, उजवीकडे भाज्या. ज्याला जेवढं लागेल त्याने तेवढं घ्यावं म्हणून ते तिथे असतं, आणि त्यावरून आजवर कुणाची अक्कल कुणी मोजलेली नाही. कारखान्याच्या कँटीनची अळणी आमटी रोज जेवणारा माणूस सवयीने मिठाकडे हात नेईल. दिवसभर भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याला मीठ जास्तच लागतं. एका चिमटीवरून निकाल देणाऱ्याने यातलं काय विचारलेलं असतं?

एक हकिकत सांगते. आम्हाला फाउंड्रीसाठी, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या विभागासाठी, क्वालिटी इंजिनिअर हवा होता. लातूरकडचा एक मुलगा आला. आधी डिप्लोमा, मग नोकरी करत डिग्री. रात्रभर एसटीने प्रवास करून सकाळी थेट मुलाखतीला. तांत्रिक फेरी छान झाली. त्या दिवशी दिल्लीहून एक संचालक आलेले होते, म्हणून जेवण नेहमीच्या ठिकाणी न ठेवता महामार्गावरच्या बड्या हॉटेलात ठेवलं. मेनू कार्ड हातात आलं तशी मुलाची नजर उजव्या रकान्यावर गेली, आणि तिथेच थांबली. संचालक म्हणाले, ‘काहीही घ्या.’ त्याने सूप मागवलं. फक्त सूप. सोबत ब्रेड आणि लोणी येतंच. रात्रभर प्रवास केलेला पंचविशीतला मुलगा टोमॅटो सूपवर जेवण भागवत होता आणि समोर आम्ही सगळे पोटभर जेवत होतो.

‘काहीही घ्या’ या वाक्याबद्दल मला बोलायचंच आहे. ऐकायला ते उदार वाटतं. पण ज्याला किती खर्च चालेल हे ठाऊक नाही, त्याला ते अडचणीत टाकतं. महाग मागवावं तर हावरट दिसू, स्वस्त मागवावं तर भूक राहणार. यजमानाने आधी स्वतःचं सांगावं. ‘इथली बिर्याणी चांगली असते, मी तीच घेतेय, तुम्हाला चालेल का?’ एवढं म्हटलं की समोरच्याला किमतीचा अंदाज येतो, पदार्थाचं नाव मिळतं आणि तोंड न उघडता सुटका होते. मेनू वाचता येत नसेल, त्यातली फ्रेंच-इटालियन नावं उच्चारता येत नसतील, तरी त्याची कुचंबणा होत नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आपण पदार्थांची यादी देऊन ‘काहीही घ्या’ म्हणत नाही. वाढतो.

तर सूप आलं, आणि संचालकांनी विचारलं, ‘सँड कास्टिंगमध्ये तुमच्याकडे रिजेक्शन कशामुळे व्हायचं?’ म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेले भाग नापास का व्हायचे. मुलाने चमचा खाली ठेवला. ब्रेडचा तुकडा उचलून हाताने फोडला आणि त्यांच्यापुढे धरला. ‘सर, ही भोकं बघा. कास्टिंग कापलं आणि आत अशी गोल, गुळगुळीत भोकं दिसली तर तो ब्लोहोल. गॅस अडकलाय. वाळूत ओल जास्त असेल नाहीतर मोल्डला व्हेंटिंग कमी पडत असेल. पण भोक आतून खडबडीत, वेडंवाकडं असेल तर तो गॅस नाही, श्रिंकेज. तिथे वाळूला दोष देऊन उपयोग नाही, रायजर बघायचा. आमच्याकडे दोन्ही एकाच रकान्यात लिहायचे, म्हणून वर्षभर चुकीच्या जागी दुरुस्ती चालली होती.’ श्रिंकेज म्हणजे धातू थिजताना आकसून पडणारी पोकळी, आणि रायजर म्हणजे त्या वेळी जादा धातू पुरवायला साच्यात ठेवलेली जागा. मग तो ते रकाने वेगळे कसे केले हे सांगत राहिला. बोटांना लोणी लागलं होतं, टेबलक्लॉथवर ब्रेडचा चुरा पडला होता, सूप गार झालं होतं. संचालकांनी खुर्ची पुढे ओढली. माझ्या आयुष्यात जेवणाच्या टेबलावर कामाबद्दल इतकं स्वच्छ बोलणं मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

संध्याकाळी अभिप्रायाचे कागद जमा झाले. एका सहकाऱ्याने लिहिलं होतं: ज्ञान उत्तम, टेबल मॅनर्स कमी, ग्राहकांसमोर नेणं अवघड.

मी भांडले. म्हटलं, ब्लोहोल आणि श्रिंकेज यातला फरक कळायला या मुलाची कित्येक वर्षं भट्टीसमोर गेली आहेत. काटा-सुरी शिकायला त्याला एक संध्याकाळ लागेल, आणि ती मी शिकवते. जी गोष्ट एका संध्याकाळी शिकवता येते ती भरतीची अट कशी असू शकते? सहकारी वाईट माणूस नव्हता. ग्राहकांची त्याला खरोखरच चिंता होती. पण ग्राहक येतो तो कास्टिंग चांगलं मिळावं म्हणून, हे त्याला पटवायला वेळ लागला. मुलगा घेतला. मी शिकवायला बसले तेव्हा ठरवलेल्या वेळेच्या अर्ध्यातच शिकवून झालं आणि उरलेल्या वेळात त्यानेच मला रायजरचं गणित समजावलं.

‘आपल्यात बसेल का?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर सगळ्यात जास्त काम करतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी तिथल्या नामांकित वकिली, गुंतवणूक आणि सल्लागार कंपन्यांत भरती करणाऱ्या १२० जणांशी सविस्तर बोलून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसं निवडताना परीक्षक कौशल्याइतकंच, पुष्कळदा त्याहूनही जास्त, आपल्यासारखं कोण आहे हे बघतात, असं त्यांना दिसलं. छंद कुठले, फिरायला कुठे जातात, बोलण्याची ढब कशी. कंपनी कुठलीही असो, जेवताना गप्पा नेमक्या याच गोष्टींच्या निघतात. ज्याचे वडील क्लबात टेनिस खेळायचे त्याचं आणि परीक्षकाचं पाच मिनिटांत जमतं. ज्याच्या सुट्ट्या उसाच्या फडावर किंवा कांद्याच्या काढणीत गेल्या, तो त्या गप्पांत काय बोलणार? त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्तच असतं. पण त्याला कुणीतरी विचारायला हवं. मी गावाकडच्या मुलांना टेबलावर हटकून शेतीचं विचारायचे. पाण्याच्या पाळ्या, ठिबकचा खर्च, आडतीवरचा भाव. ज्या मुलाला सकाळी इंग्रजीत धड वाक्य सुचत नव्हतं, तो मोटर का जळते आणि रात्रीच्या विजेवर पाणी कसं द्यायचं हे सांगताना सरळ, नेमकं बोलायचा. मेंटेनन्सच्या माणसाकडून मला दुसरं काय हवं होतं? आणि हे मराठीत व्हायचं. टेबलावर मराठी न कळणारं कुणी असेल तर मी मध्येमध्ये त्यांच्यासाठी सांगत जायचे, कारण एका माणसाला भाषेबाहेर ठेवून बाकीच्यांनी हसणं हा उद्धटपणाच.

आपल्याकडे कुणी कुणाबरोबर जेवायचं याला फार जुना आणि कडू इतिहास आहे, तो टेबलावर बसताना विसरून चालत नाही. १८९० साली पुण्यात पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका सभेनंतर पाहुण्यांना चहा दिला गेला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि एका कपाच्या चहावरून प्रकरण धर्मपीठापर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला बळ दिलं आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला. महाराजांनी चहा पिणं ही त्या काळी केवढी मोठी कृती होती, हे आज समजून घ्यावं लागतं. भेदभावाला मनाई करणाऱ्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. घटना लिहिणाऱ्यांना त्याची गरज वाटली, कारण या देशात माणसाला टेबलापासूनच दूर ठेवलं जात होतं.

म्हणून काही प्रश्न जेवताना जड होतात. वेटर वही घेऊन उभा आहे तेव्हा ‘व्हेज की नॉनव्हेज?’ विचारणं ठीकच, ती सोय आहे. पण ऑर्डर देऊन झाल्यावर ‘घरी पण खातात का?’, ‘आडनावावरून अंदाज येईना, मूळचे कुठले तुम्ही?’, ‘पाहुणे कोण तुमचे तिकडे?’ हे प्रश्न सोयीचे नाहीत. विचारणाऱ्याच्या मनात कधीकधी खरंच काही नसतं, नुसता ओळखी काढायचा आपला जुना छंद असतो. पण उत्तर देणाऱ्याला ते माहीत नसतं. आयुष्यभर याच प्रश्नांच्या पाठोपाठ समोरच्याचा चेहरा बदललेला त्याने पाहिलेला असतो. त्याचा घास तिथेच अडतो. मी टेबलावर असले की हे प्रश्न निघताच विषय बदलायचे आणि नंतर बाजूला घेऊन सहकाऱ्यांना स्पष्ट सांगायचे. काहींना राग आला. येऊ दे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक यादी असते. बंद खोलीत जो माणूस शब्द तोलून बोलतो, तोच गुलाबजाम खाताखाता विचारतो, ‘मग, लग्नाचं काय?’ लग्न झालेलं असेल तर, ‘पुढचं काही प्लॅनिंग?’ २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ती फार चांगली गोष्ट झाली. पण तेव्हापासून या प्रश्नाला धार आली आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. १९७६च्या समान वेतन कायद्यानेच भरती करताना बाई-पुरुष असा भेद करायला मनाई केली होती. प्रश्न लोणच्यासारखा ताटाच्या कडेला वाढला म्हणून तो मुलाखतीचा प्रश्न नाही असं होत नाही. उमेदवार मुलींना मी एवढंच सांगते, की रागवायचं नसेल तर उत्तर कामाकडे वळवा. ‘दुसऱ्या शिफ्टची माझी तयारी आहे, ऑडिटच्या काळात थांबायचीही आहे. तुमच्याकडे ऑडिट कधी असतं?’ पुढचा चेंडू त्यांच्याकडे जातो.

माझी भाची अमेरिकेत एका विद्यापीठात प्राध्यापकीच्या मुलाखतीला गेली होती. तिथे कॅम्पसवर बोलावलं की सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत उमेदवार सतत निवड समितीतल्या कुणाबरोबर तरी असतो. दिवसभर व्याख्यान, भेटी, प्रयोगशाळा, आणि त्यावर रात्री हॉटेलात सहा जणांबरोबर गप्पा. तिथल्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी आहे, म्हणून विद्यापीठं समितीला बजावून ठेवतात की लग्न, मुलंबाळं, धर्म यांबद्दल विचारू नका. तरीही मिष्टान्न आल्यावर एका सज्जन गृहस्थांनी तिला विचारलंच, इकडे एकटीच येणार की कुणी सोबत? तिने शहराबद्दल, घरभाड्याबद्दल उलट प्रश्न केले आणि गाडी पुढे गेली. त्या रात्री फोनवर ती मला म्हणाली, ‘मावशी, थकवा व्याख्यानाचा नाही आला, जेवणाचा आला.’ शाकाहारी म्हणून तिला सॅलड मिळालं होतं आणि बोलण्याच्या नादात तेही अर्धं राहिलं होतं. खोलीवर जाऊन तिने सोबत नेलेल्या दशम्या खाल्ल्या.

ताट अर्धं राहण्याची ही गोष्ट इथेही रोज घडते. तिघं-चौघं परीक्षक आळीपाळीने प्रश्न विचारतात, प्रत्येकाला आपल्या प्रश्नानंतर चार घास खायला सवड मिळते. उमेदवाराला मिळत नाही. त्याच्या तोंडात घास असताना प्रश्न येतो, तो घाईने गिळतो, ठसका लागतो. उमेदवारांना ‘छोटे घास घ्या’ असं शिकवतात. खरं आहे ते, घास एवढाच घ्यावा की दोनदा चावून उत्तर देता येईल. हाडं, शेवग्याच्या शेंगा, पातळ रस्सा गळणारी मिसळ असलं काही त्या दिवशी मागवू नये, हेही खरं. पण ही जबाबदारी यजमानाची आहे. वाढून झालं की पहिली दहा मिनिटं यजमानाने स्वतः बोलावं. कंपनी कशी सुरू झाली, हा प्लांट कधी बांधला, मागच्या वर्षी कुठली मोठी अडचण आली, या जागेवरचा आधीचा माणूस काय करायचा. उमेदवार जेवतो, ऐकतो, आणि हात धुवायच्या आधी त्याच्याकडून जे प्रश्न येतात त्यातून त्याची समज दिसते. माझा अनुभव असा की उमेदवार काय उत्तर देतो यापेक्षा तो काय विचारतो याकडे लक्ष द्यावं. एका मुलीने आमच्या साहेबांना विचारलं होतं, ‘तुमच्याकडे चूक झाली की पहिला फोन कुणाला जातो?’ साहेबांना उत्तर द्यायला वेळ लागला.

कुठे जेवायला न्यायचं, यावर माझं ठाम मत आहे. थाळी. ज्याला अनलिमिटेड थाळी म्हणतात ती. मेनू कार्ड नाही, किमतीचा रकाना नाही, सगळ्यांपुढे एकच ताट, आणि हाताने जेवायला कुणाची ना नाही. वाढपी येत राहतात त्यामुळे बोलणं तुटतं, पण त्या तुटण्याचाच उपयोग होतो. प्रश्नांचा रेटा मोडतो, उमेदवाराला श्वास मिळतो. सगळ्यांपुढे एकसारखं अन्न असण्याला अर्थ आहे, हे शिकागो विद्यापीठातल्या कॅटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१७च्या प्रयोगांतही दिसलं. सारखंच खाणाऱ्या अनोळखी माणसांचा एकमेकांवर विश्वास लवकर बसला, आणि मालक-कामगार वाटाघाटीचा प्रसंग रचून दिला तेव्हा त्यांची तडजोडही लवकर झाली. पंगतीत बसलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. पंगतीचे नियम आपल्या अंगात असतात. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय सुरू करायचं नाही, शेजाऱ्याचं संपलंय का बघायचं, इतरांचं होईपर्यंत उठायचं नाही, उष्टा हात वाढायच्या पळीला लावायचा नाही. लातूरच्या मुलाला हे सगळं येत होतं. आमचं सगळ्यांचं ताट येईपर्यंत तो सूपला हात न लावता बसला होता. अभिप्रायाच्या कागदावर ते कुणी लिहिलं नाही.

वेटरशी माणूस कसं बोलतो त्यावरून माणूस कळतो असं म्हणतात. पुष्कळ अंशी ते खरं आहे. मी तेवढं जरूर बघायचे, ‘दादा, जरा पाणी द्याल का’ आणि ‘ए, पाणी’ यातलं अंतर. पण आमच्या बाजूच्या लोकांचंही बघायचे, आणि उमेदवारही आमचं बघतो. जो साहेब पोऱ्यावर खेकसतो तो उद्या शॉप फ्लोअरवर कसा बोलेल, हे हुशार उमेदवार तिथेच ओळखतो आणि दुसरीकडची ऑफर स्वीकारतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फोन खिशात, टेबलावर पालथासुद्धा नको. आधीच्या कंपनीची उणीदुणी काढू नयेत. तिथली अडचण सांगायची झाली तर कामाची सांगावी, माणसांची नाही. पगाराचा विषय यजमानाने काढला तरच. रात्रीचं जेवण असेल आणि इतर पीत असले तरी ‘मला लिंबू सोडा’ एवढं म्हणणं पुरे, कारण द्यायची गरज नाही, आणि यजमानाने ‘घ्या हो एक, काय होतंय’ असा आग्रह करू नये. आग्रह जिलबीचा करावा, दारूचा नाही. बिल बोलावणाऱ्याने द्यायचं. आपल्याकडे पाकीट काढून ‘मी देतो, मी देतो’ करायची सवय असते, इथे ती नको. ‘जेवण छान झालं’ म्हणावं, आणि संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा ईमेल पाठवावा.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी मुलाखतीच्या पत्रातच जेवणाबद्दल चार ओळी घालायला लागले. दुपारचं जेवण कंपनीकडून आहे. काय चालत नाही ते कळवा. उपवास, रोजा, जैन जेवण, पथ्य, काहीही असलं तर निःसंकोच सांगा. जेवण थाळीचं असेल, हाताने जेवायचं. जेवताना आम्ही कामाबद्दल बोलू, तुम्हीही विचारा, पण जेवणाचे गुण नाहीत. आणि अभिप्रायाच्या कागदावरून ‘टेबल मॅनर्स’ची ओळ काढून टाकायला लावली. त्यानंतर उमेदवारांची उत्तरं यायला लागली. एकाने लिहिलं, गुरुवार आहे, उपवास असतो, मी नंतर खाईन, तुम्ही चालू ठेवा. मी त्याला कळवलं की उपाशी बसवून मुलाखत घ्यायची नाही. हॉटेलात फोन करून खिचडी करायला सांगितली आणि त्या दिवशी आमच्यातल्या दोघांनी तीच मागवली.